स्टंट स्कूटर जुळवताना: डेक, फोर्क आणि बार यांची निवड

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याच्या घरी तीन खोकी येऊन पडली. एका खोक्यात डेक, दुसऱ्यात बार आणि तिसऱ्यात फोर्क. चवथीला मिळालेले पैसे, वाढदिवसाची पाकिटे आणि आजीने गुपचूप हातात ठेवलेल्या नोटा असे वर्षभर साठवून त्याने हे तीन भाग तीन ठिकाणांहून मागवले होते. तिन्ही भाग नामांकित बनावटीचे होते आणि रंगही एकमेकांना शोभणारे होते. रविवारी सकाळी आम्ही बाल्कावावर बसून जोडणीला सुरुवात केली, आणि दहा मिनिटांतच घोडे अडले. बार फोर्कच्या नळीवर चढत होता, पण घट्ट बसत नव्हता. घंटेतील लोलकासारखा तो आतल्या आत हलत होता. जवळच्या एका दुकानात विचारले, तर तेथील मेकॅनिकने सहज उपाय सुचवला: "डब्याचा पत्रा कापून मध्ये गुंडाळा, बसेल घट्ट."

पत्रा गुंडाळला असता तर बार बसला असता, यात शंका नाही. तो किती दिवस बसून राहिला असता, हा खरा प्रश्न होता. चार फूट उंचीच्या उतारावरून उडी घेतलेल्या मुलाच्या हातात बार सैल झाला, तर त्याची किंमत दात, मनगट किंवा हनुवटी यांच्या रूपाने चुकवावी लागते. "मामा, तिन्ही भाग चांगले आहेत, मग ते एकमेकांना जुळत का नाहीत?" हा भाच्याचा प्रश्न रास्त होता. या लेखात त्याचेच उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

ही स्कूटर कोणती?

आपल्याकडे स्कूटर म्हटले की पेट्रोलवर चालणारी दुचाकी डोळ्यांसमोर येते. येथे अभिप्रेत आहे ती पायाने ढकलत नेण्याची, दोन लहान चाकांची किक स्कूटर. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये विम ऊबोटर यांनी जवळच्या अंतरांसाठी घडीची, हलकी स्कूटर विकसित केली, आणि २००० च्या सुमारास 'रेझर' या नावाने तशीच स्कूटर अमेरिकेत घराघरांत पोहोचली. चालायला लांब आणि गाडी काढायला जवळ, अशा अंतरासाठी ते वाहन होते. मुलांनी मात्र ते थेट स्केटपार्कमध्ये नेले आणि उड्या मारायला सुरुवात केली.

परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. घडी घालण्यासाठी ठेवलेला सांधा तुटू लागला आणि उंची कमी-जास्त करण्यासाठी एकात एक सरकणाऱ्या नळ्या वाकू लागल्या. म्हणून खेळाडूंनी आणि छोट्या कारखानदारांनी हे दोन्ही दुवे काढून टाकले. आजच्या स्टंट स्कूटरला घडी नसते, तिची उंचीही बदलता येत नाही. डेक अखंड असतो, बार एकसंध असतो आणि फोर्कची नळी खालून थेट बारपर्यंत जाते. वाहन म्हणून जी सोय होती, तीच खेळाच्या दृष्टीने कमकुवत जागा ठरली. बाजारातील घडीची स्कूटर कितीही आकर्षक दिसली, तरी तिच्यावर उडी मारू नये, हा पहिला धडा यातूनच मिळतो.

या खेळाला आता 'वर्ल्ड स्केट' या आंतरराष्ट्रीय संघटनेचे छत्र लाभले आहे. ऑस्ट्रेलियाच्या रायन विल्यम्ससारख्या खेळाडूंच्या चित्रफिती आपल्याकडची मुलेही पाहतात. त्या पाहूनच स्वतःची स्कूटर स्वतः जुळवण्याची हौस निर्माण होते. हौस चांगली आहे, पण तिला क्रम हवा.

आधी जागा, मग वस्तू

पहिला प्रश्न रंगाचा किंवा किमतीचा नाही. स्कूटर कोठे चालवणार, हा आहे. या खेळाचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. 'पार्क' म्हणजे उतार, अर्धवर्तुळाकार खोलगट भाग आणि उंच उड्या यांसाठी बांधलेली जागा. तेथे स्कूटर हवेत फिरवावी लागते, म्हणून ती हलकी आणि आटोपशीर हवी. 'स्ट्रीट' म्हणजे पायऱ्या, कठडे, लोखंडी रेलिंग. तेथे डेकचा तळ कठड्यावर घासत नेतात, त्याला ग्राइंड म्हणतात. त्यासाठी स्कूटर रुंद, लांब आणि दणकट हवी.

आपल्याकडे बहुतेक मुलांना या दोन्हींपैकी काहीच धड मिळत नाही. शाळेचे बास्केटबॉलचे मैदान, वसाहतीचा सिमेंटचा रस्ता, फार तर एखादा लाकडी रॅम्प एवढीच त्यांची जागा. अशा वेळी मधल्या मापाची स्कूटर निवडणे शहाणपणाचे. चित्रफितीतील खेळाडूची जागा पाहून वस्तू घेतली, तर आपल्या जागेवर ती अवजड तरी ठरते किंवा नाजूक तरी.

डेक: पायाखालची जमीन

डेक म्हणजे उभे राहण्याची फळी. ती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते, बहुधा ६०६१ या प्रकारची. तिच्या पुढच्या टोकाला तिरकी मान आणि त्या मानेवर हेडट्यूब ही नळी जोडलेली असते. मागच्या टोकाला चाक आणि त्यावर दाबण्याचा ब्रेक असतो.

डेकची लांबी साधारण १९ ते २४ इंच आणि रुंदी साडेचार ते सहा इंच किंवा त्याहून थोडी अधिक असते. पार्कसाठी १९ ते २१ इंच लांब आणि पाच इंचांच्या आसपास रुंद डेक वापरतात, तर स्ट्रीटसाठी २१ इंचांपुढचा आणि साडेपाच इंचांपुढचा. एक-दोन इंचांनी असा काय फरक पडतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. तो फरक हिशेबाने समजून घेऊ.

टेलव्हिप हा या खेळातला पायाभूत प्रकार. त्यात खेळाडू हवेत असताना बार हातात स्थिर धरतो आणि डेक बारभोवती पूर्ण गोल फिरवून पुन्हा पायाखाली घेतो. फिरणाऱ्या वस्तूला गती देणे किती जड जाईल, हे केवळ तिच्या वजनावर ठरत नाही. ते वजन आसापासून किती दूर आहे, त्याच्या वर्गावर ठरते. २० इंचांऐवजी २२ इंचांची, तेवढ्याच जाडीची फळी घेतली, तर वजन दहा टक्क्यांनी वाढते, पण फिरवण्याला होणारा विरोध सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. अगदी टोकाला असलेल्या मागच्या चाकामुळे होणारा विरोधही २१ टक्क्यांनी वाढतो. बारा वर्षांच्या मुलाला लांब डेकवर टेलव्हिप जमत नसेल, तर त्याची मेहनत कमी पडते असे नाही. फळीच त्याच्यापेक्षा मोठी आहे.

याउलट, डेक फारच आखूड घेतला तर दोन्ही पाय नीट मावत नाहीत आणि उतरताना टाच ब्रेकवर येते. याची सोपी परीक्षा अशी. मुलाने नेहमीचे बूट घालून डेकवर खेळताना उभे राहावे तसे उभे राहावे. पुढचा पाय सरळ आणि मागचा थोडा तिरका ठेवल्यावर टाच ब्रेकला टेकू नये, आणि रुंदीच्या बाजूने बोटे फार बाहेर डोकावू नयेत. बुटाचे माप वाढत असेल तर अर्धा-एक इंच अधिक लांबी चालेल, चार इंच नव्हे.

डेकची आणखी दोन वैशिष्ट्ये पाहावीत. पहिले, तळाचा आणि मागच्या टोकाचा आकार. ग्राइंड करणाऱ्यांना सपाट तळ आणि चौकोनी टोके उपयोगी पडतात. दुसरे, हेडट्यूबचा कोन. तो बहुधा ८२ ते ८४ अंशांच्या दरम्यान असतो. नळी जितकी उभी, तितकी स्कूटर वळायला चपळ. नळी जितकी तिरकी, तितकी ती वेगात स्थिर. नवशिक्याने या अंशांची फार काळजी करू नये. मानेचे वेल्डिंग एकसारखे, खड्डे नसलेले आहे की नाही, एवढे बारकाईने पाहावे, कारण प्रत्येक उडीचा धक्का तेथूनच पुढे जातो.

फोर्क: न दिसणारा कणा

खरेदीत सर्वांत कमी लक्ष जाते ते फोर्ककडे. त्याची नळी हेडट्यूबमध्ये लपलेली असते आणि बाहेर फक्त चाक धरणारे दोन पाय दिसतात. प्रत्यक्षात पुढचा सगळा भार त्याच्यावर असतो. डेकला तडा गेला तर तो बहुधा आधी दिसतो आणि आवाजही करतो. फोर्कची नळी तुटली तर पुढचे चाक निघून जाते आणि खेळाडू तोंडावर आपटतो. हात आखडता घ्यायचाच असेल तर तो चाकांच्या रंगात घ्यावा, फोर्कमध्ये घेऊ नये.

फोर्क निवडताना तीन मापे जुळवावी लागतात.

पहिले माप चाकाच्या व्यासाचे. स्टंट स्कूटरची चाके १००, ११०, १२० आणि १२५ मिलिमीटर अशा व्यासांत मिळतात. ११० मिमी हे सर्वाधिक रूढ माप. लहान चाक हलके असते, मोठे चाक खडबडीत जमिनीवर चांगले धावते. फोर्कवर जास्तीत जास्त किती व्यासाचे चाक बसेल हे लिहिलेले असते आणि डेकच्या मागच्या बाजूलाही अशीच मर्यादा असते. १२० मिमीचे चाक पुढे बसले आणि मागे घासले, असे अनेकांच्या बाबतीत होते.

दुसरे माप चाकाच्या रुंदीचे. वर्षानुवर्षे २४ मिमी रुंदी हेच प्रमाण होते. आता ३० मिमी रुंद चाकेही प्रचलित आहेत. रुंद चाकासाठी तेवढी फट असलेला फोर्क आणि तेवढीच जागा असलेला डेक, दोन्ही लागतात.

तिसरे माप नळीचे. यालाच बाजारात स्टीअरर ट्यूब म्हणतात. रूढ नळी बाहेरून २८.६ मिमी जाडीची, म्हणजे सव्वा इंचाला किंचित कमी, एक पूर्णांक एक-अष्टमांश इंचाची असते. जुन्या आणि स्वस्त स्कूटरमध्ये या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असत. आटे पाडलेल्या जागी धातू पातळ होतो आणि नळी बहुधा तेथेच तुटते. म्हणून आता बिनआट्याची नळी हेच प्रमाण झाले आहे. नवी स्कूटर जुळवताना आट्यांचा फोर्क घेऊच नये.

कॉम्प्रेशन: जेथे सगळे अडते

आमचे घोडे जेथे अडले, ती गोष्ट हीच. डेकच्या हेडट्यूबमध्ये वर-खाली दोन बेअरिंगे बसतात, त्यांच्या संचाला हेडसेट म्हणतात. फोर्क या बेअरिंगांमधून वर येतो. फोर्क सहज फिरावा पण खडखडू नये, यासाठी हा सगळा संच वरून-खालून नेमक्या दाबाने आवळून ठेवावा लागतो. या आवळण्याच्या रचनेला कॉम्प्रेशन म्हणतात. बार फोर्कला घट्ट धरून ठेवणारा क्लॅम्प हे वेगळे काम करतो. दोन्ही कामे एकच समजल्याने गोंधळ होतो. कॉम्प्रेशन आणि क्लॅम्प मिळून बार व फोर्क यांची सोयरीक जमवतात, आणि ही सोयरीक चार पद्धतींनी जमते.

आयएचसी पद्धतीत फोर्कची वरची नळी मुद्दाम थोडी बारीक ठेवतात आणि तिच्यावर एक पातळ नळकांडे बसवून तिला नेहमीच्या बारच्या आतील व्यासाइतके, म्हणजे २८.६ मिमी, करतात. या नळकांड्याला शिम म्हणतात. ही रचना साधी आणि हलकी असते. तयार मिळणाऱ्या बऱ्याच स्कूटरमध्ये ती आढळते.

एचआयसी पद्धतीत फोर्क नेहमीच्याच जाडीचा असतो. त्यावर शिम चढवून जाडी ३१.८ मिमी करतात आणि त्यावर आतून तेवढ्याच व्यासाचा जाड बार बसतो. असा बार बाहेरून ३४.९ मिमी असतो आणि त्याला 'ओव्हरसाइझ' म्हणतात.

एससीएस पद्धतीत बार फोर्कवर चढतच नाही. एका उंच क्लॅम्पच्या खालच्या अर्ध्यात फोर्क आणि वरच्या अर्ध्यात बार बसतो. आवळण्याचा बोल्ट क्लॅम्पच्या आतच असतो. ही रचना वजनदार पण अतिशय घट्ट असते. म्हणून स्ट्रीट खेळणारे तिला पसंती देतात.

आयसीएस पद्धतीत बोल्ट फोर्कच्या खालून वर जातो आणि बारच्या आत बसवलेल्या नटमध्ये घट्ट होतो. ही रचना हलकी असते, पण ती आवळण्यासाठी दर वेळी पुढचे चाक काढावे लागते.

यांत एक खूण फार उपयोगी आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या पद्धतीत बारच्या खालच्या टोकाला उभी चीर असते, कारण क्लॅम्प आवळल्यावर नळी किंचित मिटून आतल्या नळीला धरते. एससीएस पद्धतीत मात्र बारला चीर नको, कारण त्याच्या आत धरण्याजोगे काही नसतेच. चिरेचा बार एससीएसमध्ये वापरायचा असेल तर चिरेचा भाग कापून टाकावा लागतो. उलट, बिनचिरेचा बार उरलेल्या तीन पद्धतींत तसाच बसवता येत नाही.

ॲल्युमिनियमच्या बारचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावे. त्याची भिंत जाड असते. त्यामुळे तो बाहेरून ओव्हरसाइझ दिसला, तरी आतून बहुधा नेहमीच्याच व्यासाचा असतो. बाहेरचे माप पाहून त्याच्यासाठी एचआयसी संच मागवला, तर तो व्यर्थ जातो. बार विकत घेताना बाहेरचा आणि आतला असे दोन्ही व्यास विचारावेत. विक्रेत्याला आतला व्यास सांगता आला नाही, तर तेथून खरेदी करू नये.

भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. त्याचा बार ओव्हरसाइझ, आतून ३१.८ मिमी, फोर्क नेहमीचा, २८.६ मिमी. मधली तीन मिलिमीटरहून थोडी अधिक पोकळी भरण्यासाठी एचआयसी शिम हवे होते. ते त्याने मागवलेच नव्हते, कारण ते छायाचित्रात दिसत नाही. तिन्ही भाग चांगले होते. त्यांना जोडणारा चौथा भाग कोणी विचारातच घेतला नव्हता. डब्याच्या पत्र्याने पोकळी भरली असती, पण पत्रा सर्व बाजूंनी सारखा दाब घेत नाही. तो एका ठिकाणी चेपतो, तेथून सरकतो आणि बार अचानक फिरतो.

बार: धातू, उंची, रुंदी

बारचे आकार मुख्यतः दोन: सरळ टी आणि वर फांद्या फुटलेला वाय. आकार हा बराचसा आवडीचा विषय आहे. धातूचे तसे नाही.

४१३० या प्रकारच्या क्रोमोली पोलादात सुमारे एक टक्का क्रोमियम आणि थोडे मॉलिब्डेनम असते. असा बार जड असतो, पण मार खाऊन टिकतो, आणि मुख्य म्हणजे तुटण्यापूर्वी बहुधा वाकतो, म्हणजे इशारा देतो. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या जवळजवळ एक-तृतीयांश. त्यामुळे भिंत जाड ठेवूनही बार हलका होतो. मात्र वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी ॲल्युमिनियम थकत जाते. एका मर्यादेखालचे धक्के पोलाद दीर्घकाळ पचवू शकते, ॲल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादा नसते. लहान धक्केही त्याच्या खात्यात जमा होत राहतात. टायटॅनियम हलके, चिवट आणि न गंजणारे असते, पण त्याची किंमत पाहता ते वाढत्या मुलासाठी घेणे परवडणारे नाही. पार्कमध्ये खेळणाऱ्या हलक्या मुलाला ॲल्युमिनियम आणि वजनदार किंवा स्ट्रीट खेळणाऱ्याला क्रोमोली, हा ढोबळ नियम पुरेसा आहे.

उंचीचा नियम असा: डेकवर सरळ उभे राहिल्यावर हातमुठी कमरेच्या हाडाच्या आसपास याव्यात. फार उंच बारमुळे उडीत गुडघे वर घेता येत नाहीत; फार बुटक्या बारमुळे पाठ वाकते आणि उतरताना तोल पुढे जातो. रुंदी खांद्यांइतकी किंवा किंचित अधिक असावी. विक्रीच्या पानावर दिलेली उंची केवळ बारची असते. त्यात डेकची, हेडसेटची आणि एससीएस असल्यास क्लॅम्पमधून वाढणारी उंची मिळवावी लागते.

म्हणूनच बार थोडा उंच घेऊन नंतर कापण्याची पद्धत आहे. मात्र कापलेला बार पुन्हा वाढत नाही. आधी पूर्ण स्कूटर जोडावी, मुलाला दोन-चार दिवस चालवू द्यावी आणि मगच अर्ध्या-अर्ध्या इंचाने कापावे. कापताना छेद काटकोनात आला पाहिजे, अन्यथा बार खाली टेकल्यावर एका बाजूने अधांतरी राहतो. वेर्णा, कुंडई किंवा बेळगावच्या उद्यमबाग परिसरातील कोणत्याही यंत्रशाळेत हे काम पाच मिनिटांचे आहे. नंतर कडा कानशीने साफ करावी आणि चिरेचा बार असल्यास चीर तेवढीच लांब पुन्हा पाडून घ्यावी.

वेल्डिंगचा मोह आणि समुद्राची हवा

कापणे स्थानिक कारागिराकडे सोपवता येते, जोडणे नाही. डेकला तडा गेला की "वेल्ड करून घेऊ" हा विचार प्रथम मनात येतो, आणि आपल्या औद्योगिक वसाहतींत उत्तम वेल्डर आहेतच. अडचण त्यांच्या हातात नसून धातूत आहे. ६०६१ ॲल्युमिनियमची ताकद केवळ त्याच्या घटकांतून येत नाही. ते पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापवून झटकन थंड करतात आणि मग कमी उष्णतेवर काही तास ठेवून मुरवतात. या संस्काराला टी-६ म्हणतात. वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याच्या आजूबाजूचा हा संस्कार निघून जातो आणि तेथील ताकद जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. कारखान्यात वेल्डिंगनंतर पूर्ण डेक पुन्हा या प्रक्रियेतून काढता येतो, गल्लीतल्या दुकानात नाही. टाका सुंदर दिसतो, आणि डेक त्याच्या शेजारी तुटतो. तडा गेलेला डेक, फोर्क किंवा ॲल्युमिनियमचा बार भंगारात द्यावा, हाच नियम.

दुसरा शत्रू आपल्या हवेत आहे. किनारपट्टीवर खारे वारे आणि चार महिन्यांचा पाऊस यांत क्रोमोली बार बाहेरून रंगवलेला असला, तरी आतून गंजतो. कापलेल्या कडेवर तर रंग नसतोच. त्या कडेला आणि नळीच्या आत तेलाचा पातळ हात द्यावा, टोकांना प्लग लावावेत आणि ओली स्कूटर पडवीत उभी न करता पुसून घरात घ्यावी. पोलाद आणि ॲल्युमिनियम जेथे एकमेकांना चिकटतात, तेथे खारट ओलाव्यात ॲल्युमिनियम अधिक झिजते आणि सांधे जाम होतात. म्हणून जोडताना शिमवर, बोल्टच्या आट्यांवर आणि बेअरिंगांच्या बैठकीवर ग्रीसचा पातळ थर द्यावा.

टोकांच्या प्लगचे आणखी एक काम आहे. उघड्या नळीचे टोक पडताना पोटात किंवा मांडीत गोल जखम करते. पाच-पन्नास रुपयांची ही वस्तू पडून हरवली, तर ती लावल्याशिवाय स्कूटर बाहेर काढू देऊ नये.

जोडणी आणि तपासणी

जोडणीचा क्रम ठरलेला आहे. क्लॅम्पचे बोल्ट सैल ठेवून आधी कॉम्प्रेशनचा बोल्ट आवळावा. फोर्क स्वतःच्या वजनाने सहज फिरला पाहिजे आणि पुढे-मागे हलवल्यावर खडखड येता कामा नये. मग चाक आणि बार सरळ रेषेत आणून क्लॅम्पचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. आधी क्लॅम्प आवळला, तर कॉम्प्रेशन कितीही फिरवले तरी खालपर्यंत पोहोचत नाही, आणि स्कूटर पहिल्या दिवसापासून खडखडते.

त्यानंतर पुढचे चाक गुडघ्यांत धरून बार जोराने वळवून पाहावा. तो हलला तर क्लॅम्प पुरेसा घट्ट नाही. पुढचा भाग तीन इंच उचलून सोडावा. एकच भरीव आवाज आला तर ठीक, खणखणाट आला तर कॉम्प्रेशन सैल आहे. दर आठवड्याला डेकची मान, फोर्कचा वरचा खांदा आणि बारचा टाका या तीन जागा कापडाने पुसून तिरप्या उजेडात पाहाव्यात. केसाइतकी रेघ दिसली आणि ती नखाला लागली, तर तो भाग संपला असे समजावे.

खर्च कोठे, कधी

शेवटी पालकांसाठी दोन शब्द. नवशिक्या मुलाने सुरुवातीलाच सुटे भाग जुळवू नयेत. चांगल्या बनावटीची तयार स्टंट स्कूटर घ्यावी. तिचे भाग एकमेकांशी जुळलेले असतात आणि सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा ती स्वस्त पडते. वर्षभरात मूल कोणत्या प्रकारचा खेळ खेळते आणि कोणता भाग आधी झिजतो हे कळते. मग एकेक भाग बदलत गेल्यास स्कूटर आपोआप त्याची स्वतःची होते. बदलताना आधीच्या कॉम्प्रेशनची पद्धत आणि चाकांची मापे कागदावर लिहून ठेवावीत. सुटे भाग बहुतांशी परदेशातून येतात, आणि चुकीचा भाग परत पाठवण्याचा खर्च कधी कधी भागाच्या किमतीला भिडतो.

खोक्यावर युरोपीय मानक ईएन १४६१९ चा उल्लेख आणि वजनाचा वर्ग पाहावा. 'ए' वर्ग १०० किलोपर्यंतच्या आणि 'बी' वर्ग ५० किलोपर्यंतच्या चालकांसाठी असतो. हेल्मेट ईएन १०७८ मानकाचे, म्हणजे सायकल आणि स्केटिंगसाठी बनवलेले घ्यावे. घरात असलेले मोटारसायकलचे हेल्मेट वेगळ्या कामासाठी बनवलेले असते. त्याच्या वजनाने मान थकते आणि मूल ते काढून ठेवते. डोक्यावर नसलेल्या हेल्मेटला मानक नसते.

भाच्याने शिम, बोल्ट आणि जुळता क्लॅम्प मागवला. तीन आठवडे तो अर्धवट स्कूटर भिंतीला टेकवून रोज तिच्याकडे पाहत होता. संच आला त्या संध्याकाळी जोडणी त्याने स्वतः केली, मी फक्त पाना हातात देत होतो. पुढचा भाग तीन इंच उचलून त्याने सोडला आणि कान लावला. एकच भरीव आवाज आला. मग त्याने हेल्मेटचा पट्टा लावला.